किलोचा दर, तासाचं काम

फॅब्रिकेशनच्या दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतो: किलोला काय दर? शेड असो, जिना असो, पाण्याच्या टाकीचा स्टँड असो की बंगल्याचं गेट, गिऱ्हाईक किलोवर बोलतं, कंत्राटदार किलोवर बोलतो आणि शेवटी उरलंसुरलं न्यायला येणारा भंगारवालाही किलोवरच बोलतो. यात गैर काही नाही. पोलाद वजनावरच विकत मिळतं, वजनकाट्यावर फारसं खोटं बोलता येत नाही आणि दोन दुकानांचे भाव ताडून बघायला किलो सोपा पडतो. अडचण एवढीच, की दुकानाचा खर्च किलोने होत नाही. भाडं, पगार, वीज, मशीनचे हप्ते हे सगळं तासाने जळत असतं. विकायचं किलोने आणि खर्चायचं तासाने, या दोहोंतला हिशेब ज्याला जमतो त्याचं दुकान चालतं. ज्याला जमत नाही तो रात्र-रात्र वेल्डिंग मारूनही दिवाळीला पोलादवाल्याची उधारी मोजत बसतो.

आधी वजन. कारण ते सोपं आहे आणि तरीही पुष्कळ मालक ते अंदाजाने सांगतात. एक चौरस मीटर प्लेट, एक मिलिमीटर जाड, म्हणजे ७.८५ किलो. एवढं एक पाठ असलं की बाकीचं कागदाच्या कपट्यावर निघतं. २५०० बाय १२५० ची ८ मिमी प्लेट १९६ किलो भरते. गोल सळईसाठी व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं. मीटरला किती किलो ते येतं. १२ मिमी सळई मीटरला ८८९ ग्रॅम, १६ मिमी १.५८ किलो. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो.

पाईपमध्ये मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. ५० बाय ५० चा चौकोनी पाईप खरोखर २ मिमी जाडीचा असेल तर मीटरला साधारण ३ किलो भरतो. बाजारात 'दोन एमएम' म्हणून मिळणारा पाईप व्हर्निअरवर पुष्कळदा १.६ निघतो आणि मीटरला अडीच किलोच्याही खाली येतो. अंदाजपत्रक २ मिमीचं देऊन १.६ चा पाईप लावला तर किलोवर ठरलेल्या कामात आपलंच बिल कमी होतं, आणि ठोक रकमेवर ठरलेल्या कामात गिऱ्हाइकाची फसवणूक होते. दोन्हीतलं काहीच नको असेल तर पाईप उतरवून घेताना एक नग काट्यावर ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता तास. उदाहरणादाखल एक लहान दुकान घेऊ: मालक धरून पाच माणसं, महिन्याला पगार, भाडं, वीज, हप्ते, चहापाणी मिळून १ लाख ८० हजार खर्च. पाच माणसं, २६ दिवस, रोज आठ तास. म्हणजे १,०४० माणूस-तास. भागाकार केला की तासाला १७३ रुपये येतात आणि मालक त्यावर समाधान मानतो. पण या १,०४० तासांपैकी गिऱ्हाइकाच्या नावावर टाकता येतील असे तास किती? टेम्पोची वाट बघणं, लाईट गेलेली असणं, डिस्क संपली म्हणून कोणाला तरी हार्डवेअरच्या दुकानात पिटाळणं, मागच्या आठवड्यातलं गेट पुन्हा सरळ करणं, हे सगळं वजा केलं आणि ७०० तास उरले असं धरलं, तर तोच तास २५७ रुपयांना पडतो. खर्च तोच, महिना तोच, पण दर दीडपट. बहुतेक दुकानांत हा आकडा कधी काढलेलाच नसतो.

या आकड्याची किंमत कळायला १०० किलोची दोन कामं शेजारी ठेवून बघावीत. पहिलं काम एक खांब: २०० मिमीचा आय बीम, मीटरला २५ किलोच्या आसपास, म्हणजे १०० किलोत चारच मीटर. खाली बेस प्लेट, वर टोपी, दोन्ही टोकांना वेल्डिंग, रेड ऑक्साईडचा एक हात, आणि काम टेम्पोत. दुसरं काम खिडक्यांच्या ग्रील: १० मिमीची चौकोनी सळई, मीटरला ७८५ ग्रॅम. १०० किलोत ही सळई १२७ मीटर होते. ती शेकडो तुकड्यांत कापायची, प्रत्येक तुकडा जागेवर धरायचा, टॅक मारायचा, सरळ आहे का बघायचा, पूर्ण वेल्ड करायचा, स्लॅग ठोकायचा, घासायचा. खांबाला सहा माणूस-तास लागले तर ग्रीलला चाळीस लागतात. आपल्या २५७ च्या दराने खांबाची मजुरी दीड हजार आणि ग्रीलची दहा हजारांच्या वर. काट्यावर दोन्ही सारखेच. ग्रीलचा किलोचा दर बाजारात जास्त असतो हे खरं, पण किती जास्त असावा हे शेजारचा काय घेतो यावरून ठरतं, आणि त्या शेजाऱ्याने तरी हिशेब केलेला असतो असं थोडंच आहे!

म्हणून दर किलोने सांगावा, पण काढताना सांधे मोजावेत. ड्रॉईंग समोर आलं की नग किती, कट किती, सांधे किती, भोकं किती, उचलाउचल किती वेळा, एवढं आधी लिहायचं. त्याचे तास करायचे, तासाचे पैसे करायचे, आणि मग वजनाने भागून गिऱ्हाइकाला किलोचा भाव सांगायचा. त्याला किलो हवा असतो, तो मिळतो. आपला हिशेब आपल्या वहीत राहतो.

हे तास नेमके जातात कुठे, ते बघायला दुकानात एक दिवस हातात घड्याळ घेऊन नुसतं उभं राहावं. बाहेरच्या माणसाला वाटतं, वेल्डर म्हणजे दिवसभर ठिणग्या. हाताने रॉड चालवणाऱ्या कारागिराचा आर्क प्रत्यक्ष पेटलेला असतो तो पाळीच्या पाव हिश्शाच्या आसपास. बाकीचा वेळ खडू, टेप, पंच, कटर, ग्राइंडर, रॉड बदलणं, काम उलटं करणं यात जातो. आणि सर्वांत जास्त जातो तो दोन तुकडे एकमेकांना नीट भिडवण्यात. कापलेला तुकडा तीन मिलिमीटर आखूड निघाला की फट राहते. मग फटीत सळईचा तुकडा घालून ती 'भरायची', वरून वेल्डिंगचा ढीग लावायचा, तो ढीग पुन्हा ग्राइंडरने उतरवायचा. कापणाऱ्याने वाचवलेलं अर्धं मिनिट वेल्डर वीस मिनिटांनी फेडतो. मालकाने नवं मशीन घेण्याआधी कटरजवळ एक पक्का स्टॉपर बसवावा असं मी म्हणेन. एकाच मापाचे चाळीस तुकडे टेपने चाळीसदा मोजून कापणं आणि स्टॉपरला टेकवून कापणं यात वेळेपेक्षाही एकसारखेपणाचा फरक मोठा असतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या ट्रॉली बनवणाऱ्या दुकानांकडून हे शिकण्यासारखं आहे. साखर कारखान्यांचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या त्याआधी हव्या असतात. गणपती ते दसरा या दिवसांत कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या दुकानांत रात्रीचे दिवे जळत असतात. एवढ्या घाईत जी दुकानं शब्द पाळतात, त्यांच्याकडे चॅसिसचा जिग असतो: जाड चॅनलचा एक पक्का सांगाडा, जमिनीत घट्ट बसवलेला, ज्यात नव्या ट्रॉलीचे चॅनल ठेवले की ते आपोआप गुण्यात बसतात. पाट्यांच्या बैठका कुठे, हूक कुठे, आडव्या पट्ट्या किती अंतरावर, सगळं जिगच सांगतो. नवखा पोरगाही टॅक मारू शकतो. जिग नसलेल्या दुकानात प्रत्येक ट्रॉलीला मिस्त्री लागतो आणि मिस्त्री एकच असतो. पावसाळ्यात हात रिकामे असतात तेव्हाच हे जिग करून ठेवायचे असतात. दसऱ्याच्या तोंडावर ते होत नाही.

याच ट्रॉल्यांमध्ये एक धोकाही असतो. जुन्या ट्रकचे अ‍ॅक्सल आणि पाटे भंगारातून आणून वापरले जातात. ते साधं पोलाद नसतं; त्यात कार्बन जास्त असतो. थंड अ‍ॅक्सलवर नेहमीच्या ६०१३ रॉडने बैठक वेल्ड केली तर सांधा दिसायला झकास येतो, पण सांध्याच्या कडेची धातू झपाट्याने थंड होऊन काचेसारखी ठिसूळ बनते. दोन-तीन महिने भरल्या ट्रॉलीचे हिसके बसले की तडा जातो, तोही वेल्डमधून नाही, वेल्डच्या शेजारून. अशा सांध्याला जागा आधी गरम करून घ्यावी लागते, ७०१८ सारखा कमी हायड्रोजनचा रॉड लागतो आणि तो रॉड भट्टीत वाळवलेला लागतो. कोंदट पावसाळी हवेत महिनाभर उघडा पडलेला ७०१८ वापरण्यापेक्षा न वापरलेला बरा, कारण त्याच्या लेपात शिरलेल्या ओलाव्यातूनच हायड्रोजन सांध्यात उतरतो.

कापणीकडे वळू, कारण पोलादाचे पैसे तिथेच गळतात. खांबांच्या बेस प्लेटचं साधं उदाहरण घ्या. ८ मिमीची २५०० बाय १२५० ची प्लेट, आणि त्यातून ३०० बाय ३०० चे चौकोन. रुंदीत चार, लांबीत आठ, एकूण ३२ नग. कटिंगची फट धरूनही बसतात. आता इंजिनिअरने ३२० बाय ३२० लिहिलंय असं समजा. रुंदीत तीनच बसतात, लांबीत सात, म्हणजे २१ नग. माप वाढलं २० मिमीने आणि नग गेले अकरा. पोलाद ६० रुपये किलो धरलं तर प्लेट ११,७७५ रुपयांची. पहिल्या मापात एक नग ३६८ रुपयांना पडतो, दुसऱ्यात ५६१ ला. उरलेल्या ६१ किलोंच्या पट्ट्या दुसऱ्या कामात वापरता आल्या तर ठीक, नाहीतर अर्ध्या भावाने भंगारात. अशा वेळी कटिंग सुरू करण्याआधी इंजिनिअरला एक फोन करावा. ३२० खरोखर हिशेबातून आलेलं असेल तर तो नाही म्हणेल आणि ते ऐकावं. पण पुष्कळदा ते माप जुन्या ड्रॉईंगवरून तसंच उतरलेलं असतं, आणि तो सहज म्हणतो, चालेल, ३०० करा.

पाईपमध्येही तेच. सहा मीटरच्या पाईपमधून एक मीटरचे सहा तुकडे निघत नाहीत. पाच निघतात, कारण कटरची चकती दर कटला तीनेक मिलिमीटर खाते आणि सहावा तुकडा ९८५ चा राहतो. पाईप थोडा वाढीव आला तर नशीब. रेलिंगचे खांब ९९० चे चालतील का, हे कामाआधी विचारलेलं बरं. अडीचशे खांबांच्या जिन्याला या एका प्रश्नाने आठ पाईप वाचतात. ज्या दुकानात कापणीची यादी लांब तुकड्यांपासून सुरू होते आणि उरलेले बारके तुकडे मापाप्रमाणे रॅकमध्ये उभे दिसतात, तिथला मालक हुशार आहे असं खुशाल समजावं. कोपऱ्यात लहानमोठ्या तुकड्यांचा एकच ढीग असेल, तर त्यातून हवा तो तुकडा शोधण्यापेक्षा कारागीर नवा पाईप फोडतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. गिऱ्हाइकाने माल दिलेला असेल आणि आपण फक्त मजुरी घेत असू, तर ढीग अधिकच महाग पडतो: तुकडे त्याचे असतात आणि चलनावर त्यांचा हिशेब द्यावा लागतो.

मग खुद्द वेल्डिंग. इथे बहुतेकांचा कल जास्तीकडे असतो. कोनातल्या सांध्याला, म्हणजे फिलेटला, ६ मिमी सांगितलंय तर मिस्त्री ८ मारतो, वर अभिमानाने दाखवतो. भूमिती मात्र निर्दय आहे. फिलेटची ताकद तिच्या बाजूच्या प्रमाणात वाढते, पण त्यात जाणारी धातू बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात. ६ चं ८ केलं की ताकद तेहतीस टक्क्यांनी वाढते आणि धातू अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी. एका मीटरला १४१ ग्रॅमऐवजी २५१ ग्रॅम. त्यात साधा रॉड वापरला तर लेप, उडालेले थेंब आणि होल्डरमध्ये उरणारं थोटूक वजा जाता किलोभर रॉडमधून सहा-साडेसहाशे ग्रॅमच सांध्यात उतरतात. म्हणजे प्रत्यक्षात खर्च होणारे रॉड आणखी दीडपट. वेळ त्याच प्रमाणात, वीज त्याच प्रमाणात. आणि जास्त धातू म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे जास्त ओढ. फ्रेम वाकडी होते ती बहुतेक वेळा अशा मोठ्या मनाच्या वेल्डिंगमुळेच. भारतीय मानक आयएस ८०० मध्ये १० ते २० मिमी जाडीच्या भागांना किमान ५ मिमी फिलेट सांगितली आहे. प्रत्यक्ष किती हवी ते भारावरून इंजिनिअर ठरवतो, पण किमान एवढी लहान असू शकते हे कळलं की मिस्त्रीचा हात थोडा आवरतो. दुकानात फिलेट मोजायची पत्र्याची गेज दोनशे-तीनशे रुपयांत येते. ती भिंतीवर टांगून ठेवावी.

रॉडऐवजी सीओटू मशीन घ्यावं का, हा प्रश्न प्रत्येक मालकाला पडतो. दुकानाच्या आत, एकसारख्या कामाला, घ्यावंच: तारेतली नव्वद टक्क्यांहून जास्त धातू सांध्यात उतरते, रॉड बदलायला थांबावं लागत नाही, स्लॅग ठोकावा लागत नाही. साईटवर मात्र साधा वारा सुटला तरी गॅसचं आवरण उडून जातं आणि सांध्यात भोकं पडतात. तिथे रॉडच बरा.

वाकडेपणाबद्दल आणखी एक. गेटची फ्रेम गुण्यात आहे का हे गुण्या लावून चारही कोपऱ्यांत बघितलं जातं, पण मोठ्या फ्रेमला दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय खात्री होत नाही. कर्ण सारखे आले की सगळीकडे टॅक, मग पुन्हा कर्ण, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने वेल्डिंग. एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकाला पोहोचणारा वेल्डर भराभर काम करताना दिसतो. त्याचं गेट मात्र बसवायच्या दिवशी साईटवर हातोड्याने सरळ होत असतं.

सुरक्षिततेचं सहसा वेगळं प्रकरण केलं जातं आणि वाचक ते ओलांडून पुढे जातो, म्हणून ते इथेच घेतो. अपघातही तासच खातो, कधी माणूसही खातो. दुकानात सर्वांत जास्त डोळे कोणाचे लागतात? वेल्डरचे नाही, हेल्परचे. वेल्डर टॅक मारतो तेव्हा तुकडा धरून ठेवणारा पोरगा उघड्या डोळ्यांनी समोरच असतो. तेव्हा काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, झोप लागत नाही, घरचे बटाट्याच्या चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी खाडा. प्रत्येक हेल्परला स्वतःचा चष्मा आणि हातात धरायची काच मिळाली तर हे खाडे थांबतात. जीआय पाईपवर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो; गूळ किंवा दूध घेतलं की धूर बाधत नाही हा समज आहे, औषध नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. लहान दुकानाने निदान एवढं करावं: जस्त आधी घासून काढावं, पंखा धूर तोंडाकडून बाजूला ओढेल असा लावावा, आणि बंद टाकीच्या आत माणूस एकटा सोडू नये.

गॅसच्या बाबतीत सवलत नाही. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागता कामा नये. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपसूक पेटतं. अ‍ॅसिटिलिन सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून भरलेलं असतं, म्हणून तो सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा टाकून वापरला तर अ‍ॅसिटोनही नळीत येतं. नळी कमी पडली म्हणून मध्ये तांब्याचा तुकडा जोडू नये. अ‍ॅसिटिलिन आणि तांबं मिळून स्फोटक संयुग बनतं. या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या 'पेसो' या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. तिच्या नियमांचं पालन फक्त मोठ्या कारखान्यांनी करायचं असतं असा एक गोड गैरसमज आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडरवर कटिंग करणारी दुकानं अजून दिसतात. आणि कोणी डिझेलचा किंवा थिनरचा रिकामा ड्रम घेऊन 'जरा एवढं भोक बुजवून द्या' म्हणाला, तर त्याला सरळ परत पाठवावं. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकाम्या ड्रममधली वाफ जास्त घातक. साईटवर कटिंग संपल्यावर निदान अर्धा तास कोणीतरी तिथे थांबावं. ठिणगी दहा मीटर जाते आणि गोणपाटात तासभर धुमसत राहू शकते.

एक लहानशी गोष्ट, जिच्यामुळे पुष्कळ भांडणं होतात. चालू गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायची, आणि अर्थचा क्लॅम्प सांध्याच्या जवळात जवळ लावायचा. क्लॅम्प पुढच्या बंपरला आणि वेल्डिंग मागच्या अ‍ॅक्सलवर असं केलं, की करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पाडतो. बेअरिंग महिन्याभराने आवाज करतं आणि शेतकरी म्हणतो, तुमच्याकडे आणल्यापासूनच बिघडलं. तो बरोबरच असतो.

माणसांविषयी. आयटीआयचा वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. तिथून आलेल्या पोराला आर्क धरता येतो, पण ड्रॉईंग वाचून तुकडे लावता येत नाहीत. ते दुकानातच येतं, मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून. आणि ज्याला ते येतं तो चार-पाच वर्षांत स्वतःचं दुकान टाकतो, बहुधा त्याच रस्त्याला. यावर उचल देऊन माणूस बांधून ठेवायचा जुना उपाय आहे. तो चालत नाही: उचल फिटत नाही, माणूस आला नाही तर पैसे जातात, आला तर मन नसतं. त्यापेक्षा मिस्त्रीला कामाचे ठरवलेले तास सांगावेत आणि वाचलेल्या तासांत त्याचा वाटा ठेवावा. कटिंगची यादी, तासांचा अंदाज मालकाच्या खिशात राहिला तर मिस्त्रीला घाई का करायची तेच कळत नाही. खंडेनवमीला मशीन बंद ठेवून हत्यारांची पूजा होते, त्या दिवशी वर्षाचे वाचलेले तास मोजून पैसे द्यायची पद्धत काही दुकानांत आहे आणि ती मला बोनसपेक्षा शहाणपणाची वाटते.

उरला पैसा, आणि तिथे किलो-तासाच्या हिशेबात तिसरी गोष्ट शिरते: तारीख. पोलाद रोखीने किंवा आठवड्याभराच्या उधारीवर येतं. बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्यात सरकारला भरावाच लागतो, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत की नसोत. मोठ्या कंपनीचं काम मिळालं म्हणून पेढे वाटणाऱ्या मालकाला हे तीन महिन्यांनी समजतं. कायदा त्याच्या बाजूने आहे: सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही अशी तरतूद आली की मुदतीत न चुकवलेलं देणं खरेदीदाराला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. या दुसऱ्या तरतुदीचा धाक पहिलीपेक्षा जास्त, कारण तिची आठवण खरेदीदाराचा स्वतःचा सीए करून देतो. तक्रारीसाठी परिषद आहे, पण ज्याच्यावर आपली चूल पेटते त्याच्याविरुद्ध अर्ज करायला लहान दुकानदार कचरतो, आणि त्याचं कचरणं समजण्यासारखं आहे. निदान उद्यम नोंदणी करावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. तेवढ्यानेही अकाउंट्सवाल्यांच्या टेबलावरचा कागद थोडा वर सरकतो.

किरकोळ कामाला कायद्याची गरजच पडू देऊ नये. ऑर्डरबरोबर निम्मे पैसे घ्यावेत, म्हणजे निदान पोलाद गिऱ्हाइकाच्या पैशाने येतं. फ्रेम तयार झाली की त्याला दुकानात बोलावून दाखवावी, माप त्याच्यासमोर मोजावं, वजन त्याच्यासमोर करावं आणि रंगाआधी आणखी तीस टक्के घ्यावेत. रंग दिल्यावर वजनाचा वाद कोणालाच सोडवता येत नाही. उरलेले वीस टक्के टेम्पो भरायच्या आधी. साईटवर बसवून झाल्यावर देतो म्हणणाऱ्याचं गेट बसतं, पैसे मात्र रंगाच्या एका ओरखड्यावर अडून राहतात. तेव्हा रंगाचा एक डबा टेम्पोत ठेवायचा आणि टेम्पो पैसे आल्यावर सोडायचा.